जेंटामायसिनचा झोन सतत लहान का येतो?

नाशिकरोड_लॅब: डिस्क चाचणीत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (पडताळणीसाठीचा प्रमाणित जीवाणू) वर जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या डिस्कचा (१० मायक्रोग्रॅम) झोन, म्हणजे डिस्कभोवती जीवाणू न वाढलेलं वर्तुळ, १६-१७ मिमी येतोय, हवा १९ ते २६. बाकी डिस्क ठीक आहेत. डिस्कचा लॉट बदलून पाहिला, फरक नाही.

अगारवाला: मग आधी म्युलर-हिंटनचा (प्लेटमधलं अगार माध्यम) पीएच बघा. अगार घट्ट झाल्यावर, खोलीच्या तापमानाला ७.२ ते ७.४ हवा. आम्ल झाला की अमिनोग्लायकोसाइड (जेंटामायसिनचा गट) दुबळी पडतात आणि टेट्रासायक्लिन या दुसऱ्या प्रतिजैविकाचा झोन उलट वाढतो. ती डिस्क लावलीत की लगेच कळेल. प्लेट कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये तर ठेवत नाही ना? त्यानेही पीएच उतरतो.

सिडको_मायक्रो: जाडीही मोजा, ४ मिमी; ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली. पण जाड अगार किंवा दाट सस्पेन्शन (द्रवात मिसळलेले जीवाणू) असतं तर सगळेच झोन आक्रसले असते, त्यामुळे माझंही मत पीएचकडेच. ०.५ मॅकफार्लंड (सस्पेन्शनच्या गढूळपणाचं माप) नजरेने जुळवू नका, डेन्सिटोमीटर वापरा आणि १५ मिनिटांत प्लेटवर स्वॅब फिरवा.

अगारवाला: आणि डिस्कची बाटली फ्रीजमधून काढल्या काढल्या उघडू नका, आत दव धरतं.

नाशिकरोड_लॅब: पीएच ६.९ निघाला! कोलिस्टिन या प्रतिजैविकालाही हेच लागू का?

सिडको_मायक्रो: कोलिस्टिनची डिस्क लावूच नका, तो रेणू अगारात नीट पसरत नाही. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनच (द्रव माध्यमात औषधाची वेगवेगळी प्रमाणं घेऊन चाचणी) करा.