गारगाईचं पाणी आणि बी विंगची टाकी

(भांडुपमधल्या एका सोसायटीचा ग्रुप, मे महिन्यातली रात्र)

सावंत सेक्रेटरी, ९:०२
सर्व सभासदांना कळविण्यात येते की १० टक्के पाणीकपातीमुळे उद्यापासून पाणी सकाळी ६ ते ७:१५ आणि संध्याकाळी ७ ते ७:४५ एवढेच सोडले जाईल. गाड्या धुणे पूर्ण बंद.

शिल्पा ए-३०२
संध्याकाळी सातला घरी कोण असतं हो? आठ करा ना 🙏

कदम बी-५०१
यावर कायमचा उपाय एकच. मुंबईसाठी पालिकेचं नवं गारगाई धरण. रोज ४४० एमएलडी जादा पाणी, म्हणजे ४४ कोटी लिटर! ते लवकर व्हावं म्हणून सह्यांचा फॉर्म टाकलाय, दोन मिनिटं लागतात. सगळ्यांनी भरा.

मीनल सी-४०२
भरला 👍

बापट काका ए-१०१
केली सही.

भोईर सी-१०४
मी नाही करणार.

कदम बी-५०१
का हो भोईर, तुमच्या नळाला वेगळी लाईन आहे का 😄

भोईर सी-१०४
माझी आत्या वाडा तालुक्यात दिलीय. धरणाच्या यादीत जी सहा गावं आहेत त्यातलं एक तिचं.

मीनल सी-४०२
अरे, हे माहीतच नव्हतं.

कदम बी-५०१
वाईट वाटतं, पण सरकार घर देतं, पैसे देतं. झाडांच्या बदल्यात दुसरीकडे झाडंही लावतात.

भोईर सी-१०४
घराचं म्हणत नाही मी. होळीनंतर आत्या पहाटे साडेचारला टोपली घेऊन निघते. मोहाखालचा पालापाचोळा आदल्या दिवशी झाडून ठेवलेला असतो. फुलं रात्रभर टपटप पडतात, ऊन चढायच्या आत वेचायची, नाहीतर गुरं खातात. हे झाड हिचं, ते जावेचं, पलीकडचं शेजारणीचं, असं आजे-सासूपासून ठरलेलं. कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली वाकत नाही. पण सातबाऱ्यावर ते झाड कुठेच नाही, जंगल खात्याचं आहे. मग त्याचे पैसे कुठल्या रकान्यात लिहिणार? आधी वनहक्काचे दावे निकाली काढा, ग्रामसभेला विचारा. २००६ च्या वनहक्क कायद्याचं म्हणणं तेच आहे.

तन्वी ए-७०१
आणि काका, ते साधं रान नाही, तानसा अभयारण्य आहे. साडेसहाशे हेक्टरच्या वर वनजमीन जाणार, दोन लाखांवर झाडं. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड आहे, ११३ वर्षं कोणाला दिसलंच नव्हतं. संपलं असं धरून चालले होते. १९९७ ला नंदुरबारकडे सापडलं आणि २०१४ ला तानशात. ते जुन्या झाडांच्या ढोलीत राहतं. दुसऱ्या जिल्ह्यात लावलेल्या रोपाला ढोली पडायला किती वर्षं लागतील?

कदम बी-५०१
घुबडासाठी अख्खी मुंबई तहानलेली ठेवायची? वा.

कदम बी-५०१
🚫 हा मेसेज हटवण्यात आला आहे

सावंत सेक्रेटरी
कृपया ग्रुपवर राजकारण नको.

तन्वी ए-७०१
राजकारण आधीच झालंय 😅 २०२० मध्ये गारगाई बाजूला ठेवून मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करायचं ठरलं, सुरुवातीला २०० एमएलडी. सरकार बदललं, गारगाई परत वर.

कदम बी-५०१
समुद्राच्या पाण्याला वीज किती लागते ते बघ एकदा. बिल आपल्यालाच येणार आहे.

तन्वी ए-७०१
हो, महाग पडतं, खरं आहे. पण जंगल फुकट पडतं म्हणून ते घ्यायचं का? आणि शहराचं जवळपास तिसरा हिस्सा पाणी गळती, चोरी आणि हिशेबात न येणाऱ्या वापरात जातं. ते थांबवायला कोणाचं गाव उठवावं लागत नाही.

बापट काका ए-१०१
मी आयुष्यभर या शहराचं पाणी प्यायलो म्हणून लिहितो. विहार १८६०, तानसा १८९२, मोडकसागर १९५७, मग अप्पर वैतरणा, भातसा, २०१४ ला मध्य वैतरणा. प्रत्येक वेळी 'आता पुरेल' असंच ऐकलं. भातशाच्या वेळी आम्ही पेढे वाटले होते. तिथून कोण उठलं, हे तेव्हा आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. सावंत, सही मागे घेता येते का?

सावंत सेक्रेटरी
काका, फॉर्म माझा नाही, कदमांनी टाकलाय.

कदम बी-५०१
मला पाणी हवंय एवढंच. मागच्या मेमध्ये टँकरला किती मोजले ते हिशेबात बघा. तोही अर्धाच भरून आला होता.

शिल्पा ए-३०२
आपला पावसाच्या पाण्याचा खड्डा आहे ना मागे? त्याचं काय झालं?

सावंत सेक्रेटरी
त्यात ए विंगच्या रिनोव्हेशनचं डेब्रिज आहे. काढायचं आहे.

शिल्पा ए-३०२
कधीपासून 🙄

सावंत सेक्रेटरी
मागच्या जनरल बॉडीत विषय होता. कोरम नव्हता.

मीनल सी-४०२, ९:५१
एक मिनिट. बी विंगच्या गच्चीवरून पाणी कोसळतंय. माझ्या खिडकीतून दिसतंय. व्हिडिओ टाकते.

मीनल सी-४०२
📹

तन्वी ए-७०१
बापरे, धबधबाच आहे. किती वेळ चाललंय?

मीनल सी-४०२
जेवायला बसले तेव्हाही आवाज येत होता. मला वाटलं कोणाचा एसी. अर्धा तास तरी.

सावंत सेक्रेटरी
बॉल कॉक गेला असणार. मागच्या आठवड्यात दोरीने बांधला होता. प्लंबर सकाळी दहाला येईल.

भोईर सी-१०४
सकाळपर्यंत खालची टाकी रिकामी होईल. मी वर जाऊन व्हॉल्व्ह बंद करतो. गच्चीची किल्ली कोणाकडे?

कदम बी-५०१
माझ्याकडे आहे. लिफ्टपाशी थांबा, आलोच.

भोईर सी-१०४
टॉर्च आणा. आणि जपून, पायऱ्यांवरून पाणी चौथ्या मजल्यापर्यंत आलंय.