मदत हवी आहे: जुन्या रिटर्नमधली वजावट खोटी निघाली, सल्लागाराने काय करायचं?

ताळेबंद
पगारदार क्लायंट आहे, जुनी करप्रणाली. आर्थिक वर्ष २०२३-२४ चं रिटर्न दुसऱ्या सल्लागाराने भरलेलं. फॉर्म १६ प्रमाणे करपात्र उत्पन्न १२,००,००० आणि टीडीएस १,७९,४००, म्हणजे कर पूर्ण कापलेला. रिटर्नमध्ये मात्र ८०जीजीसीखाली राजकीय पक्षाला २ लाखांची देणगी दाखवून ६२,४०० रुपये रिफंड घेतलाय. त्यातले १० टक्के सल्लागाराची फी. देणगी दिलेलीच नाही, हे क्लायंट स्वतः कबूल करतो, आणि वर म्हणतो की पुढचं रिटर्नही ‘तसंच बसवून द्या’. ते मी करणार नाही, हे नक्की. पण मी सीए असल्यामुळे आयकर विभागाला कळवणं माझ्यावर बंधनकारक आहे का? आणि जुनं तसंच ठेवून पुढचं बरोबर भरून दिलं तर चालेल का? आधीच्या सल्लागाराला पत्र पाठवावं लागतं का?

कलमदान
कळवायचं नाही. सीए कायदा १९४९, दुसरी अनुसूची, भाग १, कलम १: कामाच्या ओघात कळलेली माहिती क्लायंटच्या संमतीशिवाय किंवा कायद्याने भाग पाडल्याशिवाय बाहेर सांगणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे. मे २०२३ पासून मनी लाँडरिंग कायद्याखाली सीएंवर जी जबाबदारी आली, ती क्लायंटच्या वतीने मालमत्तेची खरेदी-विक्री, त्याचे पैसे किंवा बँक खाती सांभाळणं, कंपन्या उभ्या करणं अशा व्यवहारांपुरती आहे. नुसतं रिटर्न भरणं त्यात येत नाही.

मात्र आयकर कायद्याच्या कलम १३१ खाली समन्स आलं तर गप्प बसता येणार नाही. वकिलाला अशिलाच्या गुपिताबद्दल जे संरक्षण आहे ते सीएला नाही. हे क्लायंटला आधीच सांगून ठेवा.

आधीच्या सल्लागाराला लेखी विचारणं लेखापरीक्षणाच्या नेमणुकीत बंधनकारक आहे, रिटर्नसाठी नाही. आणि रिफंडच्या टक्क्यावर फी घेणारा सीए असेल तर तो सीए कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या कलम १० मध्येच अडकतो. तो सीए नसेल तर सीएंच्या संस्थेची शिस्त त्याला लागू नाही, पण खोट्या रिटर्नला मदत केल्याचं आयकर कायद्याचं कलम २७८ सगळ्यांना सारखंच. तुम्ही दुरुस्तीचं काम घेतलंत तर फी ठरावीक रकमेतच घ्या.

हिशोबनीस
दुरुस्तीचा रस्ता क्लायंटला आकड्यांत दाखवा. तत्त्वं सांगून तो ऐकणार नाही, आकडे पाहून ऐकेल.

अद्ययावत रिटर्न (आयटीआर-यू): ६२,४०० अधिक व्याज परत, आणि त्या बेरजेवर जादा कर. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ (म्हणजे आर्थिक वर्ष २०२३-२४) साठी तो ३१ मार्च २०२६ पर्यंत २५ टक्के, ३१ मार्च २०२७ पर्यंत ५० टक्के. म्हणजे व्याज सोडून १५,६०० किंवा ३१,२००. हेच विभागाने पकडलं तर कलम २७०ए खाली दंड २०० टक्के, १,२४,८००, मूळ कर आणि व्याज वेगळं. रिफंडवर विभागाने व्याज दिलं असेल तर तेही परत करायच्या रकमेत धरा; इथे बरेच जण चुकतात. आयटीआर-यू एका वर्षासाठी एकदाच भरता येतो, म्हणून घरभाड्याची सूट, ८०डीची आरोग्य विम्याची वजावट, सगळं एकदम तपासा. भाडं वर्षाला लाखावर दाखवलं असेल तर घरमालकाचा पॅन कोणाचा लावलाय ते बघा.

भरलेलं रिटर्न उतरवून घ्या आणि ८०जीजीसीचं परिशिष्ट उघडा. त्या वर्षापासून देणगीची तारीख, व्यवहार क्रमांक आणि आयएफएससी द्यावा लागतो. तो क्रमांक बँकेच्या उताऱ्यात शोधा. सापडला नाही तर देणगी खोटी, प्रश्नच मिटला. सापडला तर पुढच्या काही दिवसांत कमिशन कापून उरलेली रक्कम परत आली का ते पाहा. पैसे खात्यातून गेले म्हणून देणगी खरी ठरत नाही.

ताळेबंद
क्लायंट म्हणतो, नोटीस वगैरे काही आलेली नाही.

हिशोबनीस
त्याला आली नसेल. आयकर पोर्टलवर प्रोफाइलमधला ईमेल आणि मोबाइल आधी बघा. असे सल्लागार तात्पुरते ईमेल काढून शेकडो रिटर्न भरतात आणि मग ते पत्ते सोडून देतात. नोटिसा तिथेच पडून राहतात. १४ जुलै २०२५ ला विभागाने देशभर १५० ठिकाणी तपासणी केली, तेव्हा हा प्रकार उघड झाला. संपर्क क्लायंटच्या स्वतःच्या नावावर करून घ्या, पासवर्ड त्यालाच बदलू द्या, मग ई-प्रोसीडिंग्ज (पोर्टलवरचं नोटिसांचं पान) उघडा. रिटर्न जुलै २०२४ मध्ये भरलं असेल तर छाननीची १४३(२) नोटीस ३० जून २०२५ पर्यंतच निघू शकत होती. ती निघाली असेल आणि करनिर्धारण चालू असेल किंवा झालं असेल, तर आयटीआर-यू बंद. मग नोटिशीला खरं उत्तर देणं एवढंच उरतं.

कलमदान
दुसरा प्रश्न राहिला. प्रत्येक वर्ष स्वतंत्र आहे, त्यामुळे जुनं न सुधारता पुढचं बरोबर भरून देणं कायद्याने अडत नाही. तरी माझं मत, घेऊ नका. उद्या जुन्या वर्षाची नोटीस आली की क्लायंट तुमच्याकडेच येणार, आणि ‘देणगी दिली होती असं लिहा’ म्हणणार. त्या उत्तराचा मसुदा तुमचा झाला की कलम २७८ तुमच्याही दारात आलं. मुदत द्या, साधारण १५ दिवस, आणि ईमेलवर लेखी कळवा. मजकूर एवढाच पुरे:

‘करनिर्धारण वर्ष २०२४-२५ च्या आपल्या रिटर्नमध्ये ८०जीजीसीखाली रु. २,००,००० ची वजावट आहे. ही देणगी दिलेली नाही, असे आपण सांगितले. १५ दिवसांत अद्ययावत रिटर्न भरून कर, व्याज व जादा कर भरावा, असा माझा सल्ला आहे. तसे न केल्यास आपले पुढील काम मला स्वीकारता येणार नाही. आपली मूळ कागदपत्रे परत करत आहे.’

आधीच्या सल्लागाराचं नाव पत्रात घालू नका. तो आरोप क्लायंटने करायचा, तुम्ही नाही. पत्राची प्रत आणि बँकेच्या उताऱ्याची प्रत तुमच्या फाइलमध्ये राहू द्या.

ताळेबंद
पोर्टलवर पाहिलं. ईमेल अनोळखी होता, तो बदलून घेतला. ई-प्रोसीडिंग्जमध्ये काही प्रलंबित नाही. ६२,४०० चा हिशोब कागदावर मांडून दाखवल्यावर क्लायंट आयटीआर-यूला तयार झालाय. घरभाड्याच्या पावत्या मागवल्या आहेत, त्या आल्याशिवाय भरत नाही.