जांभ्याच्या भिंतीवर जलरोधी नॅनो लेप टिकेल का?

प्रश्न (देवगड): आमच्या घराची पश्चिमेकडील जांभ्याची भिंत दर पावसाळ्यात ओल धरते. अळूच्या पानावरून ओघळते तसे पाणी ओघळवणारा नॅनो लेप खाऱ्या वाऱ्यात तग धरेल का?

पहिले उत्तर: अळूच्या पानावर सूक्ष्म उंचवटे व त्यांवर मेणाचे आणखी बारीक स्फटिक असतात, मधल्या फटींत हवा अडकल्यामुळे थेंब केवळ टोकांवर टेकतो आणि गोल राहून घरंगळतो. अशा पृष्ठभागावर पाण्याचा स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पृष्ठभागाशी थेंबाच्या आतून करते तो कोन, १५०° पेक्षा अधिक असतो. कमळाच्या पानाचेही हेच गुपित असून ते बार्टलॉट आणि नाइनहुइस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये सविस्तर मांडले. लेपात उंचवट्यांचे काम बहुधा सिलिकाचे (वाळूतील मुख्य घटकाचे) नॅनोकण, म्हणजे अतिसूक्ष्म कण, करतात. परंतु पान आपले मेण पुन्हा घडवते, लेपाला ते जमत नाही, आणि माडाची झावळी घासली तरी तो झिजतो.

दुसरे उत्तर: शिवाय जांभ्याची छिद्रे डोळ्यांना दिसण्याइतकी मोठी असतात, त्यामुळे वाऱ्याने रेटलेला पाऊस थेट आत शिरतो. आधी दरजा चुन्याने भरून, मे महिन्यात, भिंत पूर्ण सुकलेली असताना, आत मुरणारे सिलेन-सिलोक्सेन (सिलिकॉनयुक्त जलरोधी द्रव) लावावे. त्यातून वाफ बाहेर पडू शकते. ओल जोत्यातून चढते का?

प्रश्नकर्ता: नाही, ती खिडकीखालीच दिसते.

दुसरे उत्तर: मग प्रथम खिडकीच्या पाटाचा उतार तपासावा.