एका फीटमुळे पुढची फीट सोपी होते का?

स्लो_लोकल:
माझ्या भाच्याला (वय ११) दोन वर्षांपासून आकडी येते, गोळ्या चालू आहेत. काल कुठेतरी वाचलं की उंदरांवर प्रयोग केले तेव्हा प्रत्येक झटक्यानंतर पुढचा झटका सोपा होत गेला, तेव्हापासून ताई झोपलेलीच नाही. कुणाला माहितेय का नक्की काय आहे हे?

परळकर_फार्मा:
एमफार्मला असताना वाचलेलं सांगतो. याला किंडलिंग म्हणतात, गोडार्ड नावाच्या संशोधकाने (१९६७ ला छापून आलं) उंदराच्या मेंदूत अमिग्डला नावाच्या भागात रोज थोडासा करंट द्यायला सुरुवात केली, इतका कमी की आधी उंदराला काहीच व्हायचं नाही. पण तोच करंट रोज देत राहिलं की साधारण दोनेक आठवड्यांत पूर्ण फीट यायला लागली. रेसीन नावाच्या दुसऱ्या संशोधकाने १९७२ मध्ये या फीटच्या पायऱ्या लावल्या: आधी नुसतं तोंड चावल्यासारखं हलतं, मग मान डोलते, मग पुढचे पाय झटकतात, मग मागच्या पायांवर उभा राहतो आणि शेवटी उभ्याउभ्याच कोसळतो. म्हणजे झटका एका कोपऱ्यात सुरू होऊन मेंदूभर पसरत जातो. आणि मध्ये काही महिने करंट बंद ठेवला तरी मेंदू ते विसरत नाही, मला तर हे वाचून काटा आला होता.

चाळीतला_चाफा:
पसरतो कसा पण?

परळकर_फार्मा:
लालबागला कार्यकर्ते दोर धरून गर्दी अडवतात ना तसं, आजूबाजूच्या काही पेशींचं कामच शेजाऱ्यांना गप्प बसवायचं असतं. मांजराच्या मेंदूवर पेनिसिलिन लावून फीट सुरू केली तेव्हा त्या जागेभोवती हा दोर चक्क मोजता आला. दोर सुटला की मग दुसऱ्या बाजूच्या मेंदूतही जातं.

माई_गिरगाव:
अरे पण पोरगं म्हणजे उंदीर नाही!! त्या उंदराला रोज मुद्दाम करंट देतात, तुमच्या भाच्याला कोण देतंय? माणसांत असंच घडतं हे कुणी सिद्ध केलेलं नाही, औषधाने कितीतरी मुलांच्या फिटा पूर्ण थांबतात. माझ्या मुलाची सात वर्षं झाली, एकही नाही. गोळी मात्र चुकवू नका, आणि फीट आली की चप्पल-कांदा हुंगवायला धावणाऱ्या शेजाऱ्यांना बाहेर काढा, कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर सरळ हॉस्पिटल.

स्लो_लोकल:
थँक्यू माई. कांदा आमच्याच आजीने आणला होता मागच्या वेळी 😅 परळकर, तुमचं ताईला नको दाखवू ना?

परळकर_फार्मा:
नको, माईंचंच दाखव.