सोलांचं पाणी लालच का राहतं?

सोलांच्या (कोकमाच्या वाळवलेल्या सालींच्या) पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घातला तर नुसतं फसफसतं, रंग हलत नाही, असं का, असं विचारलंय. सोलांत हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल भरपूर. पहिला सोडा ते उदासीन करण्यातच संपतो. फेस थांबेपर्यंत थोडा थोडा घालत राहा, मगच लाली उतरून जांभळट झाक दिसेल.

दर्शक म्हणून, म्हणजे आम्ल की अल्कली ते रंग बदलून दाखवायला, मात्र दारची तांबडी जास्वंदच घ्या. पाच-सहा फुलांच्या पाकळ्या अर्धा कप कढत पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा. लिंबाच्या रसात गडद गुलाबी, चुन्याच्या निवळीत हिरवी. ड्रॉपर दरवेळी धुवाच! निवळीत लिटरमागे जेमतेम पावणेदोन ग्रॅम चुना विरघळतो, त्यामुळे लिंबाचा एक थेंबही मिलीलीटरभर निवळी जवळजवळ उदासीन करतो आणि हिरवा रंग येतच नाही.