पॅन-टिल्ट माउंट: पॉवर दिली की कॅमेरा झटका मारतो, सेव्ह केलेल्या पोझिशनचाही घोळ

अर्धवट_जोडणी:
मंडळी, सोल्डरिंगचे व्हिडिओ काढताना कॅमेरा सारखा हाताने वळवायला लागतो म्हणून दोन सर्व्होंचा (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरी) पॅन-टिल्ट, म्हणजे आडवा-उभा वळणारा माउंट केलाय, खाली मोठा सर्व्हो एमजी९९६आर, वर छोटा एसजी९०, आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड), हलवायला दोन पॉट (फिरवायचे नॉब) आणि चार बटणं. बटण दाबलं की सेव्ह केलेल्या जागी जायचं, दोन सेकंद दाबून धरलं की आत्ताची जागा ईईप्रॉममध्ये (नॅनोची पॉवर गेली तरी टिकणारी मेमरी) सेव्ह. चालतंय तसं, पण पॉवर दिली की कॅमेरा धाडकन मधे येतो, ज्या बटणावर काहीच सेव्ह नाही ते दाबलं की एका टोकाला जाऊन घूं घूं करत बसतो, आणि दोन्ही सर्व्हो एकदम हलले की नॅनो रिसेट. सर्व्होंना ५ व्होल्ट नॅनोच्याच पिनवरून दिलेत.

तारेवरची_कसरत:
शेवटचं वाक्य आधी लिहायचंस ना! एमजी९९६आर अडकला की एकटाच दोन-अडीच अँपिअर ओढतो, तेवढा यूएसबीतून कुठून येणार. सर्व्होंना वेगळा ५ व्होल्टचा सप्लाय दे, ग्राउंड मात्र नॅनोशी जोड (हे विसरलास तर सर्व्हो नुसते थरथरतात, मी यात एक अख्खी संध्याकाळ घालवलीये), आणि सर्व्होंजवळ हजार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाक.

शून्यापासून_मोजा:
रिसेट सुटेल त्याने, बाकीचे दोन कोडमधले आहेत. सर्व्होची जागा पल्सच्या लांबीवर ठरते; सर्व्हो लायब्ररीत अटॅच केलं (सर्व्हो पिनला जोडला) की डिफॉल्ट १५०० मायक्रोसेकंदांचा पल्स जातो, म्हणजे मधोमध, म्हणून आधी राइट कर (हवी ती जागा सांग) आणि मग अटॅच. आणि कोऱ्या ईईप्रॉमच्या प्रत्येक बाइटमध्ये २५५ असतं, दोन बाइटचा इंट (पूर्णांक) म्हणून वाचलंस की -१ येतो, लायब्ररी त्याला ओढून ५४४ मायक्रोसेकंदांवर, म्हणजे तिच्या सर्वात लहान पल्सवर आणते आणि सर्व्हो टोकाला जाऊन भिंतीला डोकं आपटतो. वाचल्यावर आकडा तुझ्या माउंटच्या हद्दीत आहे का बघ, नसेल तर बटण दुर्लक्षित कर.

अर्धवट_जोडणी:
दादा दोन्ही जमलं, रिसेटही गेला! आता चालू करताना बंद केलं तिथूनच सुरू व्हावं म्हणून लूपमध्ये दर २० मिलिसेकंदाला जागा ईईप्रॉममध्ये लिहितोय, चालेल ना?

शून्यापासून_मोजा:
अरे थांब थांब! त्या ईईप्रॉमची हमी एका जागेला लाखभर वेळा लिहिण्याची आहे, तुझ्या वेगाने पस्तीस मिनिटांच्या आत लाख होतील. अपडेट (आकडा बदलला तरच लिहिणारी कमांड) वापरलंस तरी पॉटचा आकडा एक-दोनने नाचतच असतो, त्यामुळे लिहिलं जातंच. कॅमेरा हलायचा थांबून पाच सेकंद झाले की एकदाच लिही.

ग्रीस_आणि_गिअर:
एक राहिलं. तेच बटण दाबून फ्रेम कधी डावीकडे कधी उजवीकडे जरा सरकलेली येत असेल तर तो गिअरमधला ढिलेपणा, कोडला शिव्या घालू नकोस. प्रत्येक पोझिशनला एकाच बाजूने जा, उलट बाजूने येत असशील तर थोडं पुढे जाऊन परत ये. आणि एसजी९० वर नेमका कोणता कॅमेरा ठेवलायस? वजन टिल्टच्या अक्षावर आलं नसेल तर तो बिचारा नुसतं धरून ठेवायलाच तापेल.

अर्धवट_जोडणी:
जुना मोबाइल आहे 🙈 आत्ता हात लावून बघितलं, सर्व्हो चांगलाच तापलाय. क्लॅम्प मागे सरकवून बघतो.