टॉवरमध्ये आल्यापासून बटाटे हिरवे पडतायत, आणि यंदा घटाचं धानही

परळची_सूनबाई:
आमची चाळ पाडून टॉवर झाला, मार्चमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला आलो. चाळीत बटाटे सासूबाईंच्या खाटेखाली पाटीत असायचे, वर जुनं लुगडं. पंधरा-वीस दिवस काही व्हायचं नाही. इथे हौसेने ओट्याखाली जाळीची ट्रॉली करून घेतली, समोर भलीमोठी खिडकी. आठ दिवसांत बटाटे पोपटी. तेही फक्त खिडकीकडच्या अंगाला, मागची बाजू नेहमीसारखी! भाजीवाला म्हणतो, "ताई, कच्चा माल आलाय."

त्यात नवरात्रात वेगळंच झालं. चाळीत देव्हारा आतल्या खोलीत, कोनाड्यात. समई सोडली तर उजेड नाही. नवव्या दिवशी धान वीतभर, हळदीसारखं पिवळं. यंदा देव्हारा हॉलमध्ये, डोक्यावर एलईडी, बाजूला बाल्कनी. धान बोटभरच आलं आणि हिरवंगार. दसऱ्याला ह्यांच्या टोपीत तुरा खोवला तर म्हणाले, "गवत खोवलंस का?" हसायला कोणी नव्हतं. देवी रुसली असं सासूबाईंनी मनाला लावून घेतलंय.

चार किलो बटाटे आहेत. खाऊ की टाकू? आणि सासूबाईंना काय सांगू?

ग्रिलमधला_माळी:
मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो, त्यामुळे थोडं लांबण लावतो. तुमच्या घरात दोन्हीकडे एकच गोष्ट झालीय, उजेड.

बटाटा मूळ नाही, जमिनीखाली फुगलेलं खोड आहे. त्याच्यावरचे 'डोळे' म्हणजे कोंब. खोडाला उजेड मिळाला की ते हरितद्रव्य बनवणारच. म्हणून तर शेतकरी बटाट्याच्या सरीला मातीची भर देतात, उघडा पडलेला बटाटा शेतातच हिरवा होतो. कच्च्या-पिकल्याचा इथे संबंध नाही. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी, पालकात तोच असतो. पण त्याच उजेडाने सालीजवळ सोलानिन नावाचं विषारी द्रव्यही वाढतं. ते दिसत नाही आणि उकडून-तळून जातही नाही. जास्त पोटात गेलं तर उलट्या, पोटात मुरडा. हिरवं थोडंसंच असेल तर साल जाड काढा, डोळे खोल कोरा. आतपर्यंत हिरवट असेल किंवा जिभेला कडू लागलं तर सरळ टाका. परत अंधारात ठेवून तो सुधारत नाही.

आता धान. गव्हाच्या दाण्यात पिठाची शिदोरी असते. अंधारात कोंबाला वाटतं आपण अजून मातीखालीच आहोत, म्हणून तो सगळी शिदोरी उंच होण्यात खर्च करतो, हरितद्रव्य बनवतच नाही. म्हणून लांब, लेचंपेचं, पिवळं. उजेड दिसला की उंचीची घाई संपते, पातं हिरवं होतं आणि स्वतःचं अन्न स्वतः करायला लागतं. तुमचं यंदाचं धान जास्त धडधाकट होतं, बाई. चाळीतलं पिवळंधमक धान खरं तर उपाशी असायचं.

वाशीचा_गाळेवाला:
सर बरोबर बोलले. आमच्याकडे आग्र्याचा, इंदूरचा, मंचरचा माल येतो, सगळा गोणीत. उघड्यावर ढीग लावला की वरचा थर हिरवा पडतो, गिऱ्हाईक हात लावत नाही. पारदर्शक पिशवीत ठेवू नका, घाम धरून सडतो. फ्रिजमध्ये तर नकोच, गारठ्याने बटाटा गोड होतो आणि तळला की काळपट पडतो. गोणपाटात गुंडाळा, हवा लागू द्या, उजेड नको. कांदे लांब ठेवा, त्यांना नुसती कोरडी हवा पाहिजे. शेतकरी ज्यात कांदा साठवतात तिलाही कांदाचाळच म्हणतात. बघा, कांद्यालासुद्धा टॉवर मानवत नाही.

काही_टाकत_नाही:
आमची आई हिरव्यासकट भाजी करायची. आम्ही सगळे ठणठणीत!

ग्रिलमधला_माळी:
तुमच्या आईने साल जाड काढली असणार. आमच्याकडे एकदा पावभाजीत असे चार बटाटे गेले, दोन दिवस घसा जळत होता. निदान लहान मुलांना तरी देऊ नका.

परळची_सूनबाई:
सगळ्यांचे आभार. दोन किलो टाकले, बाकीचे जाड सोलून वापरले, सालींचा ढीग बघून जीव तुटला. ट्रॉलीला आतून गोणपाट लावलंय, चार हजारांची ट्रॉली आता वखारीसारखी दिसते.

धानाचं सांगितलं. "उपाशी होतं" हे सासूबाईंना अजिबात पटलं नाही. "नऊ दिवस आम्हीपण उपाशीच असतो," म्हणाल्या. पुढच्या वर्षी घट स्टोअररूममध्ये बसवायचं ठरलंय, बल्ब काढून.